जेवणानंतर दोन चमचे

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मिळाला एकदाचा. चौथी ब, शुक्रवारचा शेवटचा तास, कवितेसाठी. सहा महिने हेडसरांच्या मागे लागले होते. आज फाइलमधून डोकं वर न काढता म्हणाले, "घ्या बाई, करून बघा." हेडसरांना मी मनात टाचणी म्हणते. बारीक, ताठ, आणि दिसेल त्या कागदात घुसणारे. हे फक्त या वहीला माहीत.

अट आहेच. बावीस तारखेला पालकसभा. त्या दिवशी मुलांच्या कविता हॉलच्या भिंतीवर लागल्या पाहिजेत. सेक्रेटरी बघणार, त्यांना आवडलं तर तास राहणार, नाहीतर परत शुद्धलेखन. सेक्रेटरी म्हणजे आमच्या संस्थेचा भोंगा. त्यांना माइक लागत नाही आणि विषयही लागत नाही.

ही वही त्यासाठीच काढली. काय जमलं, काय फसलं, सगळं खरं लिहायचं. कोणाला दाखवायची नाही, म्हणून खरं लिहिता येईल.

आजच पहिला तास घेतला. सांगितलं, रोज दिसणाऱ्या एका माणसावर लिहा. छत्तीस पोरं, अर्धा तास पेन्सिली चघळत बसली. मग यमक शिकवलं, पाणी-गाणी, आणि लगेच सगळ्यांच्या कवितेत राणी आली. कोणाच्या घरी राणी रोज दिसते, देव जाणे.

दुसऱ्या बाकावरची बारकी तेवढी खाली मान घालून लिहीत होती. ही दिसेल ते वाचत सुटते. खडूच्या खोक्यावरचं, विजेच्या खांबावरची धोक्याची पाटी, माझ्या छत्रीच्या दांड्यावर कोरलेलं नावसुद्धा, आणि तेही ओठातल्या ओठात. मी तिला पुटपुटी म्हणते, अगदी तोंडावर. ती हसते.

११ फेब्रुवारी, मंगळवार

छत्तीस वह्या तपासल्या. मान मोडून आली.

आईवर अकरा, बसच्या ड्रायव्हरवर पाच, शिपाईमामांवर तीन. बाकी राण्या. आणि काय काय लिहितात. एकाच्या कवितेत पंक्चरचा भाव. एकीनं तर शेवटी लिहिलंय, "नीट हलवून, जेवणानंतर दोन चमचे." मी चष्मा काढून पुसून परत वाचलं. कविता आहे की औषधाची चिठ्ठी? सरळ छाटलं. एका वहीत 'ओठ'ला 'घोट' आला होता, पण मधे तीन-चार शब्दांचं शेपूट. कापून जोडून दिलं, मस्त बसलं. लाल पेनची कांडी संपली.

यांना वेगळं वाटतं. (यांचं शिवणाचं दुकान घराखालीच आहे. शाळा सुटली की मी तिथेच बसून तपासते, आणि हे मशीन थांबवून मधे मधे डोकावतात.) म्हणाले, "पोरांचं आहे ना गं ते, इतकं लाल कशाला करतेस?" मी म्हटलं, तुम्ही बटणं लावा. त्यांनी मशीन परत सुरू केलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज पक्क्या कागदावर उतरवून घेतलं. रंगीत कागद, चौकटी, खाली नाव. कच्ची पानं फाडून टोपलीत टाकायला लावली. घरी पालकांनी लाल रेघा बघितल्या की आपल्याच नावानं शंख.

पुटपुटी कागद घेऊन टेबलापाशी आली. "बाई, हे आता खरं नाही राहिलं."

मी घाईत होते. म्हटलं, "कविता खरी नसते गं, छान असते. जा, चौकट रंगव."

ती जागेवर जाऊन बसली आणि चौकट रंगवली. निळी.

कागद लावायला शिपाईमामा आले. आमच्या शाळेत पंचवीस वर्षं घंटा देतात, पुढच्या वर्षी निवृत्त. टाचण्यांची डबी त्यांच्या हातात नुसती खुळखुळत होती. हल्ली हात फार थरथरतात त्यांचे, दोनदा चहा सांडला माझ्या टेबलावर. मीच टाचण्या टोचल्या, त्यांनी स्टूल धरलं. "माझ्यावर कोणी लिहिलंय म्हणे?" मी म्हटलं, तिघांनी, भाव वाढला तुमचा. मिशीत हसले.

२२ फेब्रुवारी, शनिवार

लिहायला हात होत नाही. पण लिहिते.

हॉल भरलेला होता. भोंगा भिंतीसमोर हात मागे बांधून फिरत होता आणि मोठ्यानं वाचत होता. सगळं छान चाललं होतं. मी मागे उभी, पोटात फुलपात्रभर आनंद. मग पुटपुटीचा कागद आला.

घंटा मारतात ठण ठण ठण,
मामांना माहीत प्रत्येक क्षण.
मिशीच्या खाली हसरे ओठ,
दुपारी बाटलीतून घेतात घोट.

"घेतात?" भोंगा थांबला. परत म्हणाला, सावकाश, शब्द चावून. "घे-ता-त?"

हॉल हसला. आपल्याकडे या शब्दापुढे काही लावावंच लागत नाही. अमुक घेतो म्हटलं की लहान पोरालाही कळतं काय घेतो ते. कोणीतरी मागून म्हणालं, तरीच हात थरथरतात. त्यानंतर मात्र कोणी हसलं नाही.

टाचणीनं मामांना हॉलमध्ये बोलावलं. सगळ्यांसमोर, मुलांसमोर. "तोंड उघडा," म्हणाले, आणि पुढे वाकून हुंगलं. आपल्यापेक्षा वयानं मोठ्या माणसाचं तोंड हुंगलं. काही सापडलं नसावं, कारण म्हणाले, "आत्ता नसेल. दुपारी ना?"  मामांनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला आणि ते बाहेर गेले. हात इतके थरथरत होते की जुडगा ठेवल्यावरही थोडा वेळ वाजत राहिला.

पुटपुटी वडिलांना चिकटून उभी होती. ओठ हलत नव्हते.

मला संताप आला आहे. कोणाचा, ते नीट कळत नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

फाटकावर मामा नाहीत. शुक्रवारी कार्यकारिणीची सभा आहे, तोवर घरी बसा म्हणून सांगितलंय. सभेत ठराव येणार, कामावर मद्यपान, सबब कामावरून काढणे. पंचवीस वर्षं आणि शेवटी हा शिक्का. आज घंटा स्वतः टाचणीनं दिली. सहा मिनिटं उशिरा, आणि ठण ठण नाहीच, नुसतं भांडं पडल्यासारखं.

मधल्या सुट्टीत पुटपुटीला शिक्षकखोलीत बोलावलं. विचारलं, मामांना बाटलीतून पिताना कुठे बघितलंस?

"जिन्याखालच्या खोलीत. औषध आहे ते, बाई."

गणिताचे सर चहाच्या कपात हसले. "औषधच म्हणतात त्याला, बाळ. आमचे मेव्हणेही रोज औषध घेतात." दोन बायका पण हसल्या. पोरीचा चेहरा एवढासा झाला.

मलाही तिडीक गेली. नऊ वर्षांच्या पोरीला हे असलं सुचतं कसं? घरी काही बोलणं झालं असणार. मी जरा करड्या आवाजातच विचारलं, "हे 'घेतात घोट' कुठून आणलंस तू? कोणी सांगितलं?"

तिनं माझ्याकडे बघितलं.  मग म्हणाली, "माहीत नाही, बाई."

खोटं बोलतेय. मला कळतं मुलांचं खोटं, बावीस वर्षं शिकवतेय.

वर्गात तिला कोणी बाकावर घेत नाही. मामा पोरांचे लाडके. आज ती एकटी बसली होती, आणि फळ्यावर मी लिहिलेली तारीखसुद्धा तिनं वाचली नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

टाचणीनं बोलावलं. सभेसाठी कागद तयार करताहेत. एक टाइप केलेला माझ्यापुढे सरकवला. "सदर कविता विद्यार्थिनीने स्वतःच्या निरीक्षणातून, कोणाच्याही मदतीशिवाय लिहिली आहे." खाली वर्गशिक्षिकेची सही.

मी म्हटलं, यमक थोडं नीट करून दिलंय, सगळ्यांचंच. म्हणाले, "ते तर तुमचं कामच आहे, बाई. त्याला मदत कोण म्हणतं?" आणि मग, पेनचं टोपण काढून देत, "बाकी कवितेच्या तासाचं सेक्रेटरींच्या मनात चांगलं आहे. आणि जूनपासून प्राथमिक विभागाला प्रमुख हवीच आहे."

सही केली. यमक जुळवून देणं म्हणजे काही मदत नव्हे, खरंच नव्हे. अन् मामा घेत नसतील तर सिद्ध करतील, त्यात काय.

जेवताना अर्धी पोळी ताटातच राहिली. ह्यांनी विचारलं, मीठ जास्त झालंय का. मी म्हटलं हो.

२६ फेब्रुवारी, बुधवार

शाळा सुटल्यावर मामांकडे गेले. दोन खोल्या, दाराशी चपला नीट लावलेल्या, भिंतीवर घड्याळ. मला बघून मामी उठल्या, पाणी दिलं आणि आत गेल्या. मामा खाटेवर बसले होते. शाळेचा खाकी सदरा इस्त्री करून खिळ्याला टांगलेला.

मी सरळच विचारलं. "मामा, काय पिता तुम्ही दुपारी?"

त्यांनी फडताळाकडे मान केली. तपकिरी बाटली, लेबल चिकटवलेली. हाताच्या कापऱ्यावरचं औषध. दवाखान्याचा कागदही खाली घडी करून ठेवलेला.

"मग दाखवा की हे. उद्याच्या उद्या दाखवा, प्रश्न मिटला."

"नाही दाखवणार."

"अहो, पण का?"

"वास घेतला त्यांनी, बाई. पोरांच्या पुढ्यात. आधी विचारलं असतं, मामा, हे काय आहे, तर बाटली आणून ठेवली असती टेबलावर. आता तोंड हुंगून झाल्यावर कागद दाखवू? म्हणजे कागद खरा आणि मी खोटा." त्यांनी खिळ्यावरच्या सदऱ्याकडे बघितलं. "काढू देत. पंचवीस वर्षं घंटा ऐकली त्यांनी, एवढं तरी कळायला पाहिजे होतं."

मी खूप समजावलं. डोकं आपटलं म्हणा ना. मग वैतागून म्हटलं, "त्या पोरीनं तसलं काहीतरी लिहिलं नसतं तर—"

मामा पहिल्यांदा चिडले. "तिला काही बोलू नका. लेबलावरचं अक्षर बारीक, मला दिसत नाही. तीच वाचून द्यायची रोज, डबा खाऊन झाला की. नीट हलवून, जेवणानंतर दोन चमचे. दोन चमचे म्हणजे एक टोपण, ते पण तिनंच मोजून काढलं. लेकराला कविताच वाटायची ती. चालीवर म्हणायची."

मी ग्लास खाली ठेवला. काहीतरी टोचलं, कुठे ते कळेना. निघाले.

दुकानात आले तेव्हा एक गिऱ्हाईक भांडून गेलं होतं. सदरा आखूड झाला म्हणे. हे शांतपणे कापडाचा उरलेला तुकडा दाखवत होते मला. "बघ, लांबी त्यानंच सांगितली होती, म्हणून हे उरलं. विचारल्याशिवाय मी कोणाच्या कापडाला कात्री लावत नाही. एकदा कापलं की जोडता येतं, पण जोड दिसतो."

जोड. कापून जोडून दिलं. मस्त बसलं.

वही काढली आणि मागची पानं उलटली. अकरा तारीख. तिथेच आहे, माझ्याच अक्षरात. नीट हलवून, जेवणानंतर दोन चमचे. आणि खाली दुसऱ्या ओळीत तो 'घोट'. दोन वेगळ्या वह्या नव्हत्या त्या. एकाच पोरीची एकच वही होती, आणि मी त्यातलं औषध काढून बाटली ठेवली.

'घेतात' पण माझंच असणार. पोरीला विचारते म्हणे, कुठून आणलंस. आणि तिनं माझं नाव घेतलं नाही. खोटं कोण बोलतंय ते मला कळतं म्हणे.

 यांनी पाणी दिलं आणि मशीन बंद केलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

शाळा भरायच्या आधी टोपली बघितली. वेडेपणाच, तेरा दिवसांपूर्वीचे कागद कोण ठेवतं.

पुटपुटीला वर्गाबाहेर, नळापाशी बोलावलं. मी खाली बसले तिच्याएवढी होऊन. म्हटलं, "बाळा, चूक माझी होती. मी तुझं खरं खोडलं. तुला आठवतं का गं, आधी काय लिहिलं होतंस?"

तिला आठवत होतं. नळाकडे बघत, पुटपुटत नाही, अगदी स्पष्ट म्हणाली:

मामांचे हात थरथरतात,
घंटा मात्र थरथरत नाही.
मिशीच्या खाली हसरे ओठ,
बाटलीतला औषधाचा पितात घोट.
मी वाचते, मामा ऐकतात.
नीट हलवून,
जेवणानंतर दोन चमचे.

मी बावीस वर्षं कविता शिकवते. घंटा मात्र थरथरत नाही. ही ओळ मी खोडली, यमक जुळत नाही म्हणून.

मी रडले. नळ सोडून तोंड धुतलं. ती म्हणाली, "बाई, मामा परत येतील का?" मी म्हटलं, बघते. येतील म्हणायची हिंमत झाली नाही.

मग टाचणीकडे. सगळं सांगितलं, माझे शब्द, माझी कात्री. त्यांनी माझा मंगळवारचा कागद काढून समोर ठेवला. "परवा सही केलीत, आज उलट बोलता. उद्या सेक्रेटरी काय म्हणतील? मामांच्या हातच्या चहाला जागल्या बाई, असंच म्हणतील. आणि मूल तर आता तुम्ही पढवाल तेच म्हणणार." खरं सांगायचं तर मीही त्यांच्या जागी हेच म्हटलं असतं. "लेखी काही आहे का? या प्रकाराच्या आधीच्या तारखेचं?"

मी म्हटलं, नाही.

दारापर्यंत आल्यावर आठवलं की आहे. पिशवीत ही वही होती.

त्यानंतर दिवसभर डोक्यात दुसरं काही नाही. नक्कल काढून द्यावी? काल रात्री लिहिली म्हणतील. तेवढंच पान फाडून द्यावं? फाटलेलं पान कुठूनही आणता येतं. द्यायची तर अख्खी वहीच द्यायला हवी, मागच्यापुढच्या तारखांसकट. आणि त्यात टाचणी आहे, भोंगा आहे, हुंगणं आहे, गणिताच्या सरांचे मेव्हणे आहेत. प्रमुखपद मी सहीबरोबर कसं गिळलं तेही आहे. कवितेचा तास जाईल. कदाचित मीच जाईन. कार्यकारिणीसमोर शरमेनं मरायचीच वेळ.

संध्याकाळी दुकानात काळं पेन घेऊन बसले. फक्त टोपणनावं गिरवून टाकावी म्हटलं. 'टाचणी'वर पेन टेकवलं. ह्यांनी मशीनवरून बघितलं.

पेन टेकवलेल्या जागी एक ठिपका आहे. त्याच्यापुढे गेले नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार, सकाळ

सभा अकरा वाजता. मी चौथी बच्या वर्गात बसून लिहितेय, मुलं अजून यायचीत. हे पान तुम्ही वाचणार म्हणून पहिल्यांदाच जपून लिहितेय, आणि अक्षर बघा किती वाईट येतंय.

सर आणि सेक्रेटरीसाहेब, ही माझी खासगी वही. अकरा फेब्रुवारीचं पान आधी उघडावं. त्या दिवशी कवितेचा बोभाटा व्हायला अकरा दिवस बाकी होते, तेव्हा ते मी कोणाला वाचवायला लिहिलेलं नाही. उलट चेष्टा करायला लिहिलंय. त्या पोरीनं औषध लिहिलं होतं, किती चमचे तेही लिहिलं होतं. ते मी कापलं. बाटली राहिली ती माझ्यामुळे, आणि 'घेतात' हा शब्द माझा. मंगळवारी मी केलेली सही खोटी आहे, ती रद्द समजावी आणि त्याचं जे काय व्हायचं ते माझ्यावर व्हावं.

मामांना बाटली दाखवायला सांगू नये. ते दाखवणार नाहीत आणि त्यांचं बरोबर आहे. त्यांच्या घरी जाऊन आधी माफी मागावी लागेल. मी शाळा सुटल्यावर जाणारच आहे. सोबत कोणी येणार असेल तर दोन गल्ल्या सोडून घर आहे, चपला दाराशी नीट लावलेल्या असतात.

पुटपुटीची कविता कालच्या पानावर पूर्ण आहे. ती भिंतीवर लागावी, चौकटीशिवाय लागली तरी चालेल.

टाचणी म्हणजे आपण, सर. भोंगा म्हणजे सेक्रेटरीसाहेब. आणखीही बरंच काही आहे, पण मी काहीच खोडलेलं नाही. नावावर जो काळा ठिपका दिसेल तो कालचा आहे. मला मोह झाला होता.

बाहेर मुलं रांगा लावून उभी आहेत आणि घंटा अजून झालेली नाही. वही जाडजूड आहे आणि तुम्हाला अकरा वाजता घाई असणार. तरी कृपा करून मधलं काही कापून वाचू नये.